ओळीगणिक एक प्रश्न

म्युच्युअल फंडांच्या योजनांची त्या त्या दिवसाची ‘एनएव्ही’, म्हणजे एका युनिटची किंमत, मुंबईतली ‘ॲम्फी’ ही फंड कंपन्यांची संघटना एका साध्या मजकूर-फाइलमध्ये जाहीर करते. ही फाइल कुणालाही फुकट उतरवून घेता येते. तिच्यात रंग नाहीत, तक्त्याच्या रेघा नाहीत, सूत्रं नाहीत. एका ओळीत एक योजना आणि ओळीत अर्धविरामांनी वेगळे केलेले सहा रकाने: योजनेचा क्रमांक, दोन आयसिन, योजनेचं नाव, एनएव्ही आणि तारीख. ज्या योजनांची एनएव्ही शंभराच्या वर आहे तेवढ्याच हव्या असतील, तर ‘ऑक’ नावाच्या भाषेला आधी रकाने अर्धविरामाने तुटलेत एवढं सांगायचं आणि मग हे लिहायचं:

$5 > 100

एवढाच प्रोग्राम. पाचवा रकाना शंभराहून मोठा असेल तर ती ओळ दाखव. ना ‘दाखव’ हा शब्द लिहावा लागतो, ना ‘प्रत्येक ओळीसाठी’ हे सांगावं लागतं. हजारो ओळींची फाइल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वाचून होते आणि यादी पडद्यावर येते.

यादी नीट पाहिली तर तिच्यात दोन उपरे दिसतात. एक म्हणजे फाइलची पहिली, मथळ्याची ओळ. दुसरे, ज्यांच्या एनएव्हीच्या जागी आकड्याऐवजी ‘एन.ए.’ अशी इंग्रजी अक्षरं आहेत त्या योजना. ज्यांची किंमतच उपलब्ध नाही, त्या शंभराच्या वर कशा ठरल्या? कारण सरळ आहे. दोन्ही बाजू आकड्यांसारख्या दिसत असतील तरच ऑक त्यांची आकडे म्हणून तुलना करतो. एक जरी बाजू तशी नसेल, तर शब्दकोशात करतात तशी अक्षरा-अक्षराने तुलना होते. आणि संगणकाच्या संकेतावलीत रोमन ‘एन’ हे अक्षर ‘1’ या अंकाच्या बरंच पुढे आहे. म्हणजे भाषेच्या नियमाप्रमाणे ऑकचं काहीही चुकलेलं नाही. दुरुस्तीही लहानशी आहे:

$5 + 0 > 100

शून्य मिळवलं की ऑक त्या रकान्याला आकडा व्हायला भाग पाडतो, ‘एन.ए.’चं शून्य होतं आणि उपरे गळतात. पण आता दुसरीच पंचाईत होते. ‘एन.ए.’ असलेल्या योजना शंभराच्या वर नाहीत हे ठीक, मग त्या शंभराच्या खाली आहेत का? हिशेबापुरत्या त्या आता शून्य रुपयांच्या झाल्या. उद्या कुणी ‘दहा रुपयांच्या आतल्या योजना’ मागितल्या तर याही ओळी यादीत येऊन बसतील.

अट लिहिणं अर्ध्या तासात शिकता येतं, तेवढ्यासाठी हे पुस्तक लिहायची गरज नव्हती. ज्या ओळींना आपण प्रश्न विचारतोय त्या मुळात त्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या जातीच्या आहेत का, हे ओळखायला वेळ लागतो. फिल्टरला दोनच उत्तरं ठाऊक असतात, हो किंवा नाही. खऱ्या फाइलीत मात्र तिसऱ्या प्रकारच्या ओळी हमखास असतात: ज्यांना तो प्रश्न लागूच होत नाही अशा. आपल्याकडे रोजकीर्दीवरून खतावणी उतरवणारा मुनीम एखादी रक्कम कोणत्या खात्याची ते कळलं नाही, तर ती अंदाजाने कुठेतरी घुसडत नसे. ती उचंत खात्यात टाकायची आणि मालकाला विचारून मग निकाल लावायचा, अशी शिस्त होती. ऑक रोजकीर्दीची खतावणी मुनिमाच्या हजारपट वेगाने करतो, पण उचंत खातं तो आपणहून उघडत नाही. ते आपल्याला उघडावं लागतं. ते कसं उघडायचं, हाच या पुस्तकाचा विषय आहे असं म्हटलं तरी चालेल.

ऑकचा जन्म १९७७चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथल्या बेल लॅब्जमधला. आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन या तिघांनी ही भाषा केली आणि तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं हेच तिचं नाव झालं. युनिक्सवर तेव्हा मजकूर चाळण्याची साधनं नव्हती असं नाही. केन थॉम्प्सनने केलेला ‘ग्रेप’ एखादा आकृतिबंध ज्या ओळीत सापडेल ती ओळ दाखवत होता. ली मॅकमहॉनचा ‘सेड’ ओळींमध्ये बदल करून देत होता. डग मॅक्इलरॉयच्या आग्रहामुळे १९७३ पासून एका प्रोग्रामचं उत्पन्न थेट दुसऱ्याच्या तोंडी देणारा ‘पाइप’ही हाताशी होता. पण ग्रेप आणि सेड दोघांनाही ओळ म्हणजे अक्षरांची एक सलग माळ एवढंच कळे. तिच्यात रकाने आहेत, काही रकान्यांत आकडे आहेत आणि आकड्यांची तुलना वेगळी असते, याचा त्यांना पत्ता नव्हता. अंदाजपत्रकाचे आकडे, विद्यार्थ्यांचे गुण असली रोजची किरकोळ कामं दोन ओळींत व्हावीत, एवढीच निर्मात्यांची अपेक्षा होती. प्रोग्राम लिहायचा, वापरायचा आणि फेकून द्यायचा. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर ऑक बाहेर पडला आणि लोक त्यात लांबलचक प्रोग्राम लिहू लागले, याचं आश्चर्य सर्वांत जास्त त्या तिघांनाच वाटलं.

१९८८ साली तिघांनी मिळून ऑकवर जे पुस्तक लिहिलं ते मला आजही तांत्रिक लेखनाचा वस्तुपाठ वाटतं. त्याची सुरुवात एका छोट्याशा फाइलने होते: कामगाराचं नाव, ताशी मजुरी आणि कामाचे तास. ज्यांनी काम केलं त्यांची मजुरी काढायची, तर अट एवढीच:

$3 > 0

बेथ, डॅन, कॅथी, मार्क, मेरी, सूझी. सगळी नावं एकेका शब्दाची. रकाने मोकळ्या जागेने तोडले तरी काही बिघडत नाही. हीच फाइल आपल्या एखाद्या पतसंस्थेची असती, तर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव मिळून पहिले तीन शब्द नावातच गेले असते. कुणी वडिलांचं नाव गाळलेलं, कुणाच्या नावात ‘राव’ सुटं लिहिलेलं. त्या फाइलीत तिसरा रकाना कधी आडनाव निघतो, तर कधी मजुरी. परदेशी पुस्तकातली उदाहरणं तशीच्या तशी मराठीत आणली असती तर वाचकाला ती सुरळीत चालली असती आणि स्वतःच्या पहिल्याच फाइलवर त्याचा हिरमोड झाला असता. म्हणून या पुस्तकातल्या सरावाच्या फाइली पहिल्यापासून बिघडलेल्या आहेत.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वरच्या तिन्ही प्रोग्रामांत एकही रोमन अक्षर नाही. डॉलरचं चिन्ह, अंक, एके ठिकाणी बेरीज आणि एक तुलना. पुढे कृती लिहायची वेळ आली की इंग्रजी शब्द येतातच, पण निव्वळ निवड करायची असेल तर बऱ्याचदा त्यांच्यावाचून भागतं. इंग्रजीची भीती हे प्रोग्रामिंग न शिकण्याचं कारण म्हणून ज्यांना पुढे करावंसं वाटतं, त्यांनी निदान पहिली चार प्रकरणं वाचावीत.

ओळीतले रकाने कसे ओळखायचे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. हर्मन हॉलरिथने १८९०च्या अमेरिकी जनगणनेसाठी भोकं पाडलेली कार्डं वापरली. एक माणूस म्हणजे एक कार्ड, आणि भोक कुठे पडलंय त्यावरून त्याचा अर्थ ठरे. आयबीएमने १९२८ साली ऐंशी स्तंभांचं कार्ड आणलं आणि पुढची कित्येक दशकं ‘नोंद’ म्हणजे ऐंशी जागा हे समीकरण पक्कं झालं. नावाला वीस जागा, पत्त्याला तीस. नाव लहान असेल तर उरलेल्या जागा रिकाम्या, मोठं असेल तर शेपूट कापायचं. विभाजकाची पद्धत या काटछाटीतून सुटका करते: रकाना हवा तेवढा लांब असू द्या, तो संपला की एक ठरावीक चिन्ह टाका. युनिक्सने वापरकर्त्यांच्या फाइलसाठी अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं निवडली. त्या फाइलीत आजही सात रकाने आहेत आणि आजही ते अपूर्णविरामानेच तुटतात. कुणी टॅब निवडला, कुणी उभी रेघ, कुणी ॲम्फीसारखा अर्धविराम. जगात सगळ्यांत जास्त पसरला तो मात्र स्वल्पविराम, आणि तीच या कामातली सगळ्यात दुर्दैवी निवड आहे असं माझं ठाम मत आहे. कारण लिहिताना माणूस स्वल्पविराम वापरतोच.

आस्की संकेतावलीत रकाने आणि नोंदी वेगळ्या करण्यासाठीच २८ ते ३१ या क्रमांकांची चार चिन्हं राखून ठेवली होती. ती मजकुरात कधीच येत नाहीत, त्यामुळे घोटाळ्याला वावच राहिला नसता. पण ती कळफलकावर नव्हती आणि पडद्यावर दिसत नव्हती, म्हणून फारसं कुणी ती वापरली नाहीत. हाताशी असलेल्या चिन्हाने योग्य चिन्हावर मात केली.

मग स्वल्पविराम मजकुरातच असेल तर काय करायचं? अख्खा रकाना दुहेरी अवतरणात ठेवायचा. अवतरणचिन्हच मजकुरात असेल तर? ते दोनदा लिहायचं. रकान्यात नवी ओळ असेल तर? तीही अवतरणात चालते. हे संकेत लोक कितीतरी आधीपासून आपापल्या परीने पाळत होते. २००५च्या ऑक्टोबरमध्ये ते ‘आरएफसी ४१८०’ या टिपणात लिहून काढले गेले, आणि त्यानंतरही लोक ते आपापल्या परीनेच पाळतात. जुन्या ऑकला अवतरणांचा अर्थ कळत नव्हता. विभाजक स्वल्पविराम आहे असं त्याला सांगितलं की ‘फ्लॅट ४, शनिवार पेठ, पुणे’ या एका पत्त्याचे तो तीन रकाने करे आणि त्यापुढचा प्रत्येक रकाना दोन घरं सरके. अशा वेळी अवतरणं जुळवणारी अवघड नियमित पदावली लिहून लोक वेळ मारून नेत. २०२३ साली मूळ पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा कर्निहनच्या ऑकमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइली, वाचण्याची सोय खास पर्याय म्हणून आली, आणि त्याच वर्षी ‘गॉक’ या ग्नू प्रकल्पाच्या ऑकच्या ५.३ आवृत्तीतही ती दाखल झाली. तुमच्या यंत्रावर यापेक्षा जुना ऑक असेल आणि फाइलीत अवतरणं असतील, तर हट्ट करू नका; पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल वापरा. ऑकवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहिताना मला काही कमीपणा वाटत नाही.

आपल्या लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचा त्रास याहून वेगळा आणि जास्त छुपा असतो. समजा, विभाजक अर्धविराम आहे आणि रकमेच्या रकान्यात 1,25,000 असं लिहिलंय. पन्नास हजारांच्या वरच्या रकमा मागितल्या तर ही रक्कम यादीत येत नाही. आत स्वल्पविराम आहेत म्हणून ऑक तिला आकडा मानत नाही, अक्षरा-अक्षराने तुलना करतो आणि ‘1’ हा ‘5’च्या आधी येतो. शून्य मिळवायची वरची युक्ती इथे तर आणखी घात करते: ऑक पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचतो आणि सव्वा लाखाचा एक रुपया होतो. तुलना करण्याआधी स्वल्पविराम काढून टाकणं हाच उपाय. सरकारी किंवा सहकारी संस्थांच्या तक्त्यांवर काम करणाऱ्याने ही सवयच लावून घ्यावी.

या सगळ्या चुकांमध्ये एक साम्य आहे. कुठेही यंत्र अडत नाही, कुठेही लाल अक्षरांत सूचना येत नाही. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला याचा फार मोठा फटका बसला. प्रयोगशाळांकडून कोविडच्या चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलींत येत होते, आणि ते पुढे पाठवण्याआधी एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फाइलींत भरले जात. त्या जुन्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६च ओळी मावतात. जागा संपल्यावर पुढच्या ओळी गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. आजच्या एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे, पण मर्यादा आहेच. ऑक एका वेळी एकच ओळ हातात घेतो, तिचा निकाल लावतो आणि तिला विसरतो, त्यामुळे ओळींच्या संख्येची त्याला फिकीर नसते. मात्र आत किती ओळी गेल्या आणि बाहेर किती आल्या हे त्या आठवड्यात कुणी मोजून ताडून पाहिलं असतं, तर जुन्या एक्सेलमध्येसुद्धा हा प्रकार पहिल्याच दिवशी उघड झाला असता.

जवळचं उदाहरण हवं असेल तर दलाल स्ट्रीटवाल्यांना ‘भावकॉपी’ हा शब्द परका नाही. बाजार बंद झाल्यावर शेअरबाजार त्या दिवसाच्या भावांची जी फाइल देतो ती भावकॉपी. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या जुन्या भावकॉपीत पहिला रकाना कंपनीच्या चिन्हाचा, दुसरा मालिकेचा आणि सहावा बंद भावाचा होता. हौशी गुंतवणूकदारांपासून दलालांच्या कचेऱ्यांपर्यंत कितीतरी ठिकाणी या क्रमावर बेतलेल्या छोट्या स्क्रिप्ट रोज संध्याकाळी चालत. जुलै २०२४ मध्ये जुनं स्वरूप बंद होऊन नवं सामायिक स्वरूप आलं आणि रकान्यांचा क्रम पार बदलला. मालिका दुसऱ्यावरून नवव्या जागी गेली. दुसऱ्या रकान्यात मालिका शोधणाऱ्या स्क्रिप्टने एकही ओळ दिली नाही, आणि तसं झालं तर ते बरंच म्हणायचं, कारण रिकामी फाइल पाहून माणूस निदान चपापतो. पण ज्याने नुसतं

$6 > 500

असं लिहून पाचशेच्या वर बंद झालेले शेअर काढायचे ठरवलं होतं त्याचं काय? नव्या फाइलीत सहाव्या रकान्यात रोख्याचा ओळख-क्रमांक असतो. तोही आकडाच, आणि बहुतेक वेळा पाचशेहून मोठा. अट चालते, यादी भरगच्च येते आणि तिला काही अर्थ नसतो. रकान्याला क्रमांकाने हाक मारणं सोपं असलं तरी ते उसन्या भरवशावर चालतं. म्हणून मथळ्याची ओळ आधी वाचून कोणतं नाव कितव्या जागी आहे ते ठरवायचं आणि मग नावाने रकाना मागायचा, ही पद्धत या पुस्तकात लवकर, तिसऱ्याच प्रकरणात आणली आहे. सहसा ती पुढच्या पानांवर ढकलली जाते. मला तो क्रम पटत नाही.

आता मराठी मजकुराविषयी, कारण हा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल की या पुस्तकात वाक्यांमधले आकडे देवनागरी आहेत आणि कमांडमधले इंग्रजी. ही छपाईची चूक नाही. ऑकच्या दृष्टीने देवनागरी अंक हे अंकच नाहीत. गुणांच्या रकान्यात ‘३५’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही पन्नासच्या वरचे मागितले, तर पुन्हा अक्षरांची तुलना होते. देवनागरी अक्षरांचे संकेत इंग्रजी अंकांच्या पुष्कळ पुढचे असल्याने ‘३५’च काय, ‘५’ही पन्नासला मागे टाकतो. सगळे विद्यार्थी उत्तीर्ण. बेरीज करायला जावं तर सगळ्यांची बेरीज शून्य. हातात आलेल्या फाइलीत दोन्ही प्रकारचे अंक मिसळलेले असतील तर चूक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, कारण निम्म्या ओळींचं उत्तर बरोबर असतं.

याहून वरचढ म्हणजे ‘कऱ्हाड’. हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण त्यातला अर्धा ‘ऱ’ संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठवलेला सापडू शकतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, ‘र’ आणि नुक्ता मिळून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक टाकून. एका कारकुनाने एका कळफलकावर भरलेला कऱ्हाड आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर भरलेला कऱ्हाड ऑकला वेगवेगळी गावं वाटतात.

$2 == "कऱ्हाड"

या अटीने तालुक्यातले निम्मेच खातेदार हाती लागले तर खातेदारांना दोष देऊ नये. युनिकोडमध्ये अशी रूपं एकसारखी करण्याचे नियम आहेत. स्वतंत्र ‘ऱ’ आणि नुक्तावाला ‘ऱ’ त्यांनी एक होतात, पण जोडकवाला तसाच राहतो. तो आपल्यालाच शोधून बदलावा लागतो. त्यासाठीचं कोष्टक परिशिष्टात आहे.

अक्षरं मोजण्याचाही घोळ आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. बाइट मोजणाऱ्या ऑकला ‘क्ष’ हे नऊ लांबीचं वाटतं, संकेत मोजणाऱ्याला तीन आणि वाचणाऱ्या माणसाला एक. उबुंटूवर मूळचा येणारा ‘मॉक’ पहिल्या जातीचा, ‘गॉक’ योग्य मांडणी असेल तर दुसऱ्या जातीचा. कर्निहनने वयाच्या ऐंशीत, २०२२ साली, आपल्या मूळ ऑकमध्ये यूटीएफ-८ची सोय घातली. माणसासारखं मोजणारा ऑक अजून आलेला नाही.

शोधताना रकान्याची सीमा पाळली नाही तर काय होतं तेही आपल्या गावांवरून सहज कळतं. अख्ख्या ओळीत ‘पुणे’ शोधलं तर नाशिकच्या पुणे रोडवर राहणारेही पुणेकर होतात. शेरा लिहिताना कुणी ‘पुण्यात’ लिहिलं असेल तर ते सुटतं, कारण सामान्यरूपात ‘पुणे’ उरतच नाही. जिल्ह्याच्या रकान्यापुरतीच तुलना करावी म्हटलं, तर गेल्या काही वर्षांत नावंच बदललीत. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर. दहा वर्षांच्या नोंदी एका फाइलीत असतील तर एका नावाने गाळणाऱ्याला अर्धाच इतिहास मिळेल. इथे स्क्रिप्ट हुशार करण्यापेक्षा जुन्या-नव्या नावांची एक छोटी फाइल करून ती आधी वाचून घ्यावी आणि मग मोठी फाइल चाळावी. एका फाइलीतल्या यादीने दुसरी फाइल गाळण्याचा हा प्रकार इतका उपयोगी आहे की त्यावर अख्खं प्रकरण खर्च केलंय.

बाकीच्या खोड्या सर्वांना ठाऊक असलेल्या, म्हणून भराभर सांगतो. विंडोजवर जतन केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारं चिन्ह चिकटतं आणि शेवटच्या रकान्याची तुलना कधीच जुळत नाही. एक्सेलमधून काही प्रकारे जतन केलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची खूण असते, त्यामुळे पहिल्या मथळ्याचं नाव जुळत नाही. तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने असतील तर त्यांची सरळ तुलना करू नका, ३१ जानेवारी नेहमी १ डिसेंबरच्या पुढे निघेल. आणि टर्मिनलमध्ये प्रोग्राम एकेरी अवतरणात लिहा, दुहेरीत लिहिलात तर डॉलरचा अर्थ शेलच लावून मोकळा होतो.

ऑकप्रेमी मंडळींत एक तुकडा फार मिरवला जातो. पुनरावृत्ती गाळायची असेल तर एवढंच लिहा म्हणतात:

!_[$1]++

पहिल्या रकान्यातलं मूल्य पहिल्यांदा आलं तर ओळ दाखव, पुन्हा आलं तर सोडून दे. अधोरेखा हे इथे चक्क एका सारणीचं नाव आहे. चालतं, सुंदर चालतं. पण सहा महिन्यांनी ही ओळ वाचणाऱ्या सहकाऱ्याला कपाळाला हात लावावा लागतो, आणि तो सहकारी बहुधा आपणच असतो. शिवाय पुन्हा आलेल्या ओळीत पत्ता बदललेला असेल तर जुना पत्ता राहतो आणि नवा जातो, हे तिच्याकडे पाहून कुणाच्या ध्यानात येणार? सारणीला नाव द्या. दोन ओळी जास्त लागल्या तर लागू द्या.

हे पुस्तक संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं नाही, त्यांना ते वाचायला अर्थातच मज्जाव नाही. डोळ्यासमोर होते ते पतसंस्थेतले हिशेबनीस, जिल्ह्याच्या आकडेवारीतून बातमी शोधणारे वार्ताहर, शेतमालाच्या भावांवर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, ग्रंथालयाची दाखलनोंद संगणकावर चढवणारे ग्रंथपाल. यांच्यापैकी प्रत्येकाकडे एक तरी फाइल असते जी एक्सेलमध्ये उघडता उघडत नाही, किंवा उघडली की खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गमावून बसते. पायथन किंवा आर शिकायला त्यांना कुणाची ना नाही, आणि काम वाढलं तर तिकडे वळावंच. पण एका ओळीच्या प्रश्नासाठी एक ओळच पुरावी, ही अपेक्षा रास्त आहे.

पहिली चार प्रकरणं क्रमाने वाचावीत, पुढची हवी तशी. प्रत्येक प्रकरणातली स्क्रिप्ट तीन फाइली तयार करते: अटीत बसलेल्या ओळी, न बसलेल्या ओळी आणि तिसरी ‘उचंत’. रकान्यांची संख्या चुकलेली, आकड्याच्या जागी आकडा नसलेली, तारीख ओळखू न आलेली ओळ उचंतमध्ये जाते. ॲम्फीच्या फाइलीवर ही स्क्रिप्ट चालवलीत तर उचंतमध्ये ‘एन.ए.’वाल्या योजना, मथळा, मध्ये मध्ये येणारी फंड कंपन्यांची आणि योजनाप्रकारांची नावं आणि रिकाम्या ओळी दिसतील. नावांच्या ओळी फेकून देऊ नका, कोणती योजना कोणत्या कंपनीची हे त्याच नीट सांगतात. सहाव्या प्रकरणात त्यांचा उपयोग केला आहे. फाइल रोज बदलते, म्हणून पुस्तकातल्या संख्या तुमच्या पडद्यावर येणार नाहीत. तिन्ही फाइलींच्या ओळींची बेरीज मूळ फाइलीइतकी भरते की नाही एवढं ताडून पाहा, आणि मग उचंत उघडून वाचायला घ्या.